कुंडीतले प्रिमरोझ ऐन फुलावर का कोमेजले? रेडिंगमधल्या एका अंगणाचं प्रकरण

इंग्लंडातल्या रेडिंग शहरात एका मराठी घराच्या मागच्या अंगणात २०२३च्या मार्चअखेरीस प्रिमरोझ या वसंतात फुलणाऱ्या झाडाच्या अकरा कुंड्यांपैकी सात कुंड्यांतली झाडं एका आठवड्यात कोमेजून बसली. झाडं ऐन फुलावर होती. माती ओली होती. डिसेंबरातला कडाका केव्हाच सरला होता. तरीही पानं बाजारातून आणून ओट्यावर विसरलेल्या कोथिंबिरीसारखी माना टाकून पडली होती. घरच्या सुनेने पाणी वाढवून पाहिलं, मग कमी करून पाहिलं, शेवटी टोमॅटोसाठी आणलेलं द्रवखत घातलं. कशानेच झाडं उठेनात, तेव्हा तिने मला फोन केला. ती मला मावशी म्हणते; नातं रक्ताचं नाही, इथल्या मराठी मंडळींच्या ओळखीतलं आहे. पुढे तिला मी सूनबाई म्हणेन आणि तिच्या सासूबाईंना आजी, कारण घरात सगळे त्यांना आजीच म्हणतात.

हे सगळं सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण इंग्लंडमधल्या मराठी घरांतून प्रिमरोझची जी तक्रार येते ती बहुतेक वेळा अशीच असते. "फुलं होती तोवर छान होतं, मग एकदम गेलं." आणि प्रश्न नेहमी पाण्याचा असतो: किती घालू, कधी घालू? माझं मत या अंगणाने पक्कं केलं. प्रिमरोझ मेलेला दिसतो वसंतात, पण त्याचं जगणं-मरणं ठरतं आदल्या जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान. तेव्हा त्याला फूल नसतं आणि कुंडीकडे कुणी फिरकत नाही.

आधी झाड मुळात कुठलं ते पाहू. प्रिम्युला गटातला प्रिम्युला वल्गॅरिस म्हणजे अस्सल प्रिमरोझ, पश्चिम आणि दक्षिण युरोपातल्या पानगळीच्या रानांत, शेताच्या बांधावरच्या झाडोऱ्याखाली, ओलसर उतारांवर वाढणारा. वरच्या झाडांना पालवी फुटायच्या आधी जमिनीपर्यंत जो उजेड पोचतो, त्यावर तो फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत फुलून घेतो. मग डोक्यावर पानांचं छत दाटतं आणि तो सावलीत, ओलाव्यात उन्हाळा काढतो. फूल फिकट पिवळं, मधोमध गडद डोळा, रुंदी साधारण ३ सेंटिमीटर. प्रत्येक फुलाचा देठ थेट बुडातून निघतो. दुकानात मिळणारे लाल, निळे, नारिंगी प्रिमरोझ हे त्याचे संकर. ज्यांना एकाच जाड दांड्यावर फुलांचा गुच्छ येतो त्यांना पॉलिअँथस म्हणतात. त्यांच्यात काउस्लिप या रानटी प्रिम्युलाचाही वंश आहे. ही सगळी बहुवर्षायू झाडं आहेत. जानेवारीत स्वस्तात मिळतात म्हणून ती हंगाम संपला की फेकायची, हा समज मला फार खटकतो.

आधीच्या वर्षात काय घडलं

सूनबाईने पहिली खेप २०२२च्या जानेवारीत किराणा सामानाबरोबर आणली. छोट्या प्लास्टिकच्या कुंड्या स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि कट्ट्याच्या खाली रेडिएटर. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडली, कळ्या उमलायच्या आत सुकल्या. हे झाड थंडीचं. घरातल्या वीस-बावीस अंशांच्या कोरड्या हवेत त्याचा जीव गुदमरतो. तिने कंटाळून कुंड्या बाहेर काढल्या तर झाडं सावरली आणि एप्रिलभर फुलली. इथपर्यंत तिचं काही चुकलं नव्हतं. उलट बाहेर काढणं हेच योग्य होतं. फक्त हरितगृहात वाढलेलं झाड कडाक्याच्या रात्री थेट उघड्यावर न टाकता आठवडाभर आडोशाला ठेवून मग बाहेर न्यावं.

फुलं संपल्यावर कुंड्या जिथे होत्या तिथेच राहिल्या, म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेल्या फरसबंदीवर. आणि मग आला २०२२चा उन्हाळा. इंग्लंडात १९३५नंतरचा सर्वांत कोरडा जुलै तोच. १९ जुलैला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले; ब्रिटनमध्ये पारा चाळिशीपार जाण्याची ती पहिलीच वेळ. २४ ऑगस्टपासून टेम्स वॉटर या पाणीपुरवठा कंपनीने पाइपने पाणी घालायला बंदी केली. झारीने घालायला मुभा होती, पण मुलांच्या सुट्टीत घर भारतात गेलेलं. शेजाऱ्यांनी अधूनमधून पाणी घातलं. परत आल्यावर सूनबाईला कुंड्यांत वाळलेली पानं तेवढी दिसली. तिने ती झाडं मेली समजून एका कोपऱ्यात ओतली.

इथे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांचं झाड गेलं असेल ते याच वळणावर. उन्हाचा ताण पडला की प्रिमरोझ पानं टाकतो, खालचा गड्डा जिवंत ठेवतो आणि सप्टेंबरच्या पावसाने पुन्हा पालवतो. रानातही कोरड्या सालात तो हेच करतो. सूनबाईने कोपऱ्यात टाकलेल्या ढिगातून ऑक्टोबरात दोन झाडांनी कोंब काढले, तेव्हा तिलाही ते कळलं. ती दोन तिने उचलून पुन्हा कुंडीत घेतली.

त्याच महिन्यात तिने नवी रोपं आणली. कुंड्या मोठ्या होत्या, नवं मिश्रण महाग, म्हणून तळाशी जुनी माती आणि वर नवी भरली. जुनी माती आली होती ह्यूकेरा या शोभेच्या पानांच्या झाडाच्या आणि स्ट्रॉबेरीच्या कुंड्यांतून. या वाक्यावर मी फोनवरच थांबले आणि तिला म्हटलं, मी येते, तोवर कुंड्यांना हात लावू नकोस.

कुंड्या उपसल्या तो दिवस

अंगणात गेल्यावर कुंड्या बघायच्या आधी मी मागच्या टोकाच्या सफरचंदाच्या झाडाखाली गेले. तिथे आधीच्या घरमालकांनी लावलेले रानटी पिवळ्या प्रिमरोझचे दोन गड्डे होते. त्यांना ना कुणी पाणी घातलं होतं ना खत, आणि दोन्ही फुलांनी भरलेले. हवा तीच, थंडी तीच, २०२२चा उन्हाळाही तोच. म्हणजे जे काही घडलं ते कुंडीच्या आत घडलं.

शक्यता चार होत्या. थंडीने मुळं गोठली असतील. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कुंड्या सलग कित्येक दिवस गोठलेल्या होत्या हे खरं. पण तसं असतं तर झाडं जानेवारीतच मऊ पडून काळवंडली असती. ही तर मार्चमध्ये फुलली होती. दुसरी शक्यता जास्त पाण्याने कुजण्याची. हल्लीचं पीट (दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती) न घातलेलं मिश्रण वरून कोरडं ठणठणीत दिसतं आणि दोन बोटं खाली ओलं असतं, त्यामुळे वरचा रंग बघून पाणी घालणारा फसतोच. मात्र कुजलेल्या गड्ड्याला वास येतो, तो बोटाने दाबला जातो. इथले गड्डे टणक होते. तिसरी करड्या बुरशीची. तिची लव पानांच्या देठांवर आणि जुन्या फुलांवर दिसते, ती कुठेच नव्हती.

मग चौथी. एका बसलेल्या झाडाचा पानांचा झुबका मुठीत धरून मी हलकेच वर उचलला. झाड अलगद हातात आलं. खाली मूळ म्हणून काही उरलंच नव्हतं, फक्त कुरतडलेला बुंधा. ही चाचणी प्रत्येकाने करावी. ओल्या मातीत झाड कोमेजलेलं दिसलं तर झारीकडे जायच्या आधी झाड उचलून बघावं.

फरसबंदीवर वर्तमानपत्रं अंथरून आम्ही कुंड्या एकेक करून उपड्या केल्या. आजी चारच दिवसांपूर्वी भारतातून आल्या होत्या. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही कराडकडचं, घरी ऊस आणि भुईमूग. त्या खुर्ची घेऊन बघत बसल्या होत्या. मातीतून पहिली पांढरट, बाकदार, तपकिरी डोक्याची अळी निघाली तशा त्या उठून आल्या. "अहो ताई, ही तर हुमणी! आमच्या उसात हीच असते." मग त्यांनी ती काडीने उलटी केली, चष्मा सावरला, नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "पण हिला पाय कुठायत?"

ज्यांनी शेत पाहिलं आहे त्यांच्या नजरेला तोड नाही. हुमणीला पुढच्या बाजूला पायांच्या तीन जोड्या असतात. ही अळी बिनपायाची होती, लांबीला जेमतेम १ सेंटिमीटर. ती व्हाइन वीव्हिलची, म्हणजे ऑटिओऱ्हिंकस सल्केटस या सोंड्या भुंग्याची अळी. काम मात्र हुमणीचंच: मातीत बसून मुळं खाणं. एका मोठ्या कुंडीतून तीसेक अळ्या निघाल्या. वरवर धडधाकट दिसणाऱ्या चार कुंड्याही मी उपसायला लावल्या. त्यातल्या तीन कुंड्यांतही त्या होत्याच, फक्त मुळं अजून संपली नव्हती.

या भुंग्याचं वर्षाचं वेळापत्रक एकदा लक्षात आलं की प्रिमरोझची निम्मी निगा समजते. प्रौढ भुंगा साधारण ९ मिलिमीटर लांब, मळकट काळा, पाठीवर पिवळसर ठिपके. त्याला उडता येत नाही, पण भिंती आणि कुंड्यांच्या कडा तो सहज चढतो. आढळतात त्या सगळ्या माद्याच. नराशिवाय त्या अंडी घालतात, म्हणजे अंगणात एकच शिरली तरी पुरते. मे-जूनमध्ये त्या कोषातून बाहेर पडतात, रात्री पानांच्या कडा कुरतडतात आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत मातीत अंडी घालत राहतात. अळ्या शरदापासून पुढचा वसंत उजाडेपर्यंत मुळं खातात आणि मग कोषात जातात. मार्चमध्ये ऊन वाढतं, झाड फुलतं, त्याला पाण्याची गरज वाढते, आणि नेमकं तेव्हाच ते ओढायला मुळं नसतात. सूनबाईला जो आजार आठवड्याचा वाटत होता तो सहा महिन्यांचा होता.

खूणही समोरच होती. कुंपणाजवळच्या युऑनिमस या झुडपाच्या पानांच्या कडांना अर्धगोल खाचा पडलेल्या होत्या, तिकिटाला चिमटा मारावा तशा. त्या तिने गेल्या जुलैतच पाहिल्या होत्या आणि गोगलगाईच्या समजल्या होत्या. गोगलगाय पानाला मधेच भोकं पाडते आणि चिकट माग सोडते. नुसत्या कडेला, नेटक्या खाचा दिसल्या की संशय या भुंग्यावर घ्यावा आणि जवळपासच्या सगळ्या कुंड्या तपासाव्यात. प्रिम्युला, ह्यूकेरा, सायक्लेमेन, सिडम, स्ट्रॉबेरी या त्याच्या अळीच्या खास आवडीच्या. जमिनीत लावलेल्या झाडांना त्रास कमी होतो, कारण मुळांना पसरायला जागा असते आणि जमिनीवरचे शिकारी किडेही मदतीला असतात. सफरचंदाखालचे दोन गड्डे वाचले ते यामुळे.

काय वाचवता आलं

सात झाडांपैकी दोघांना मूळ अजिबात नव्हतं, ती गेली. पाचांना बोटाच्या पेराएवढे खुंट होते. त्यांची मुळं बादलीत खळखळून धुतली, जेणेकरून एकही अळी चिकटून राहू नये. सगळी फुलं आणि कळ्या खुडल्या. सूनबाईला ते जिवावर आलं, पण मूळ नसलेल्या झाडाला फुलं पोसायला लावणं म्हणजे त्याला मारणंच. पानंही मधली तीन-चार ठेवून बाकी काढली. मग ९ सेंटिमीटरच्या लहान कुंड्यांत नवं मिश्रण आणि भरड वाळू घालून लावली. मोठ्या कुंडीत लावली असती तर मुळांनी न वापरलेली ओल साचून उरलेला बुंधाही कुजला असता. उत्तरेच्या भिंतीशी, सावलीत, माती फक्त दमट राहील इतकंच पाणी. एप्रिल संपता संपता पाचही झाडांना नवी पानं आली.

उपसलेली माती पसरट ट्रेमध्ये घालून अंगणातच ठेवली. रॉबिन पक्ष्याने दोन दिवसांत ती निवडून काढली. उरलेली माती पालिकेच्या हिरव्या कचऱ्याच्या डब्यात गेली; पुन्हा कुंडीत नाही. माती काटकसरीने वापरू नये असं मी म्हणणार नाही. पण प्रिम्युला, ह्यूकेरा, सायक्लेमेन, सिडम किंवा स्ट्रॉबेरी यांपैकी कुठल्याही कुंडीतली माती वापरायची असेल तर आधी ती कागदावर पसरून हाताने चाळावी.

दुकानात तेव्हा कुंडीत ओतायची कीटकनाशकंही मिळत होती. मी ती घ्यायला लावली नाहीत. प्रिमरोझ हे वसंतातल्या पहिल्या फुलांपैकी एक. थंडीतून बाहेर आलेल्या बंबलबी नावाच्या गुबगुबीत माश्या आणि ब्रिमस्टोन फुलपाखरं त्यावर येतात. मुळातून चढलेलं औषध फुलापर्यंत पोचतं. दुसरा उपाय हाताशी असताना ते मला पटत नाही.

दुसरा उपाय आजींनीच सुचवला. त्यांच्याकडे वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. रात्री पोरं फांद्या हलवून ते पाडतात आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवतात. "अळी शोधत बसायचं नाही, तिची आई धरायची," असं त्या म्हणाल्या. मेअखेरपासून रात्री दहानंतर आजी आणि दोन्ही नातवंडं बॅटरी घेऊन अंगणात उतरू लागली. युऑनिमसखाली जुनी चादर अंथरायची, झुडूप झटकायचं, पडलेले भुंगे साबणाच्या पाण्यात टाकायचे. भुंगे कुंड्यांच्या काठाखाली आणि भिंतीच्या भेगांतही सापडले. भुंगे अंडी घालायच्या आत जितके हाती लागले तितक्या अळ्या शरदात कमी.

उन्हाळ्याची जागा

फुलं सरल्यावर, मे महिन्यात, आम्ही गड्डे फोडले. तीनेक वर्षांनी प्रिमरोझचा गड्डा दाटतो, मधला भाग लाकडासारखा होतो आणि मातीतून वर उचलला जातो. तो काढून हातानेच अलग करायचा. फुटवे मोकळे होतात तिथेच तो सुटतो. प्रत्येक तुकड्याला पानं आणि स्वतःची मुळं हवीत. जुना, लाकडी भाग टाकून द्यायचा, मुळं बोटभर ठेवून बाकी कापायची आणि आधी होता त्यापेक्षा किंचित खोल लावायचा. सफरचंदाखालच्या एका गड्ड्याचे असे पाच झाले, दुसऱ्याला हात लावला नाही.

रेडिंगची माती या बाजूला चिकण आहे. उन्हाळ्यात भेगाळते, हिवाळ्यात दगडासारखी जड. लावायच्या जागी तिच्यात कुजलेल्या पानांचं खत भरपूर मिसळलं, आणि वर दोन बोटं त्याचंच आच्छादन. शेणखत ताजं नको. त्याने पानं माजतात, फुलं येत नाहीत आणि गड्डा कुजतो. दर शरदात हे आच्छादन पुन्हा घालायचं, कारण वर आलेल्या गड्ड्याची नवी मुळं त्यातच रुजतात.

पाण्याबद्दल एक गोष्ट ऐकून घरातल्या सगळ्यांनाच आश्चर्य वाटलं. रेडिंगला वर्षभरात पुण्यापेक्षा कमी पाऊस पडतो. फरक एवढाच की तो बारा महिन्यांत विखुरलेला असतो, म्हणून हिरवं दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कुंडीतल्या झाडाला तो अजिबात पुरत नाही. म्हणून नियम ठरवला: मे संपला की प्रिमरोझच्या सगळ्या कुंड्या फरसबंदीवरून उचलून उत्तरेच्या भिंतीशी न्यायच्या आणि ऑक्टोबरात परत आणायच्या. सकाळचं थोडं ऊन चालतं, दुपारचं नाही. सुट्टीवर जाताना कुंड्या जमिनीत काठापर्यंत पुरून ठेवायच्या. शेजाऱ्याने आठवड्यातून एकदा पाणी घातलं तरी भागतं.

सप्टेंबरमध्ये मुख्य काम. सूत्रकृमींचं पाकीट मागवलं, स्टाइनर्नेमा क्राउसाय जातीचं. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी अळीच्या शरीरात शिरतात आणि आपल्याबरोबरच्या जिवाणूंनी तिला मारतात. माणसाला, मुलांना, मांजराला काही होत नाही. पण ती जिवंत वस्तू आहे, भुकटी नाही. आल्याआल्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि पाकिटावरच्या तारखेच्या आत वापरायची. मातीचं तापमान ५ अंशांच्या वर हवं. कुंड्या आधी भिजवायच्या, मग संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत झारीने घालायचं, कारण उन्हाने कृमी मरतात. पुढचे दोन आठवडे माती सुकू द्यायची नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ सर्वांत चांगला. अळ्या लहान असतात आणि माती उबदार. आम्ही मार्चमध्ये ते घातलं नव्हतं ते याच हिशोबाने: तोवर अळ्या पोसून कोषात जायच्या बेतात होत्या. आणि एक, प्रिमरोझच्या कुंड्यांबरोबरच ह्यूकेरा, स्ट्रॉबेरी, सगळ्यांना एकाच दिवशी घातलं. एक कुंडी सोडली तर पुढच्या जूनमध्ये भुंगे तिथूनच निघतील.

मुलांचा भाग वेगळा होता. सफरचंदाखाली छोटी रोपं कशी आली, हे धाकटीने विचारलं. म्हणून आम्ही दोन्ही गड्ड्यांचं एकेक फूल उभं चिरून पाहिलं. एकात नळीच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखा कुक्षीचा (पराग झेलणाऱ्या टोकाचा) गोळा आणि परागकोश खाली. दुसऱ्यात परागकोश तोंडाशी आणि कुक्षी अर्ध्या वाटेवर. प्रिमरोझच्या प्रत्येक झाडाला या दोनपैकी एकाच प्रकारची फुलं येतात आणि भरघोस बी धरायला दोन्ही प्रकार जवळ असावे लागतात. चार्ल्स डार्विनने हाताने परागण करून हे तपासलं आणि १८६२ साली प्रसिद्ध केलं. या घराचं नशीब चांगलं, त्यांच्याकडे दोन्ही प्रकार होते. बियांना गोडसर, तेलकट तुकडा असतो, त्यासाठी मुंग्या त्या ओढून नेतात; म्हणून रोपं फरसबंदीच्या फटीतही उगवली. त्यातली काही फिकट गुलाबी निघाली, कुंडीतल्या रंगीतांशी संकर होऊन. बी पेरायचं तर ताजं, जून-जुलैमधलं पेरावं, मातीने झाकू नये आणि ट्रे सावलीत गार ठेवावा. ऊन लागलं तर उगवतच नाही.

एक सूचना इथे देऊन ठेवते, कारण या घरी कुणीतरी भेट म्हणून प्रिम्युला ऑब्कोनिकाची कुंडी आणली होती. ते घरात ठेवायचं प्रिम्युला, दिसायला मोहक, पण त्याच्या केसाळ पानांत प्रिमिन नावाचं द्रव्य असतं. संवेदनशील त्वचेला त्याने खाज आणि पुरळ येतं. आता प्रिमिन नसलेल्या जातीही मिळतात. जात माहीत नसेल तर सुकी पानं हातमोजे घालूनच काढावीत.

पुढचा वसंत

२०२४च्या वसंतात वाचवलेल्या पाचांपैकी चार फुलली. पाचवं हिवाळ्यात कुजलं. त्याची कुंडी बशीत होती आणि बशीत पाणी साचलेलं. हिवाळ्यात बशी काढून कुंडीखाली विटेचे तुकडे द्यायला हवेत. उपसून पाहिलेल्या कुंड्यांत अळ्या फार थोड्या निघाल्या. जमिनीतल्या पाच फुटव्यांना सगळ्यांना फुलं आली.

त्या वर्षी त्रास दिला तो गोगलगाईंनी. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे इंग्लंडच्या नोंदींतले सर्वांत ओले अठरा महिने. पाकळ्या रातोरात फस्त होत होत्या. पुन्हा बॅटरी, पुन्हा बादली. कुंड्यांच्या बाबतीत हे पुरलं, जमिनीवरच्यांच्या बाबतीत पुरलं नाही. दाट आच्छादनात गोगलगाई लपतात आणि आच्छादन काढलं तर उन्हाळ्यात ओल टिकत नाही. सध्या गड्ड्याभोवती वीतभर जागा फेब्रुवारी ते एप्रिल मोकळी ठेवतो आणि मेमध्ये पानांचं खत परत सारतो. चिमण्या पिवळी फुलं तोडतात, त्यांना तोडू देतो.

हे वाचून पुण्या-नाशिकच्या कुणाला अस्सल प्रिमरोझ लावावासा वाटला तर माझं उत्तर नको असंच आहे. तिथला एप्रिल-मे त्याला काढता येणार नाही. उत्तर भारतात थंडीपुरतं प्रिम्युला मलाकॉइडीस कुंडीत लावतात, ते एका हंगामाचंच असतं. ज्यांना भारतातच प्रिम्युला बघायचे आहेत त्यांनी हिमालयात जावं. जांभळ्या गोळ्यांचं प्रिम्युला डेंटिक्युलाटा तिथलं, आणि इंग्लंडच्या बागांत ते तिथूनच आलं.

आजी सप्टेंबरमध्ये परतल्या, पण त्यांचं लक्ष त्या पाकिटावरच राहिलं. पुढच्या मेमध्ये त्यांनी कराडहून फोन करून विचारलं, हे कृमी आमच्या उसात चालतील का? मी सांगितलं, हे नाही, ही थंड मातीतली जात. तिकडच्या उष्ण मातीत चालणारी हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका नावाची वेगळी जात हुमणीवर वापरली जाते. शिवाय हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशीही मिळते. कृषी सेवा केंद्रात ही दोन नावं सांगून विचारा आणि घ्यायच्या आधी पाकिटावरची तारीख बघा. बाकी पद्धत तीच: ओली माती, संध्याकाळची वेळ, अळी लहान असतानाच. त्यांनी विचारलं, मग नेमकं कधी? म्हटलं, वळिवानंतर कडुनिंबावर भुंगेरे दिसले की तारीख लिहून ठेवा, ते पाडायचं काम त्याच रात्रीपासून सुरू करा, आणि औषध जुलैत, अंड्यांतून अळ्या निघाल्यावर घाला. ऑक्टोबरात ऊस पिवळा पडायची वाट बघू नका.